आईच्या बंदराचं आकाश

आई आज सकाळी गेली. मला अजून रडू आलेलं नाही.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर सह्या केल्या. द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षावाल्याशी हुज्जतही घातली. सगळं जमतंय.

अमरधामहून आल्यापासून हॉलमधल्या चित्रासमोर बसलोय. पोस्टसोबत फोटो टाकलाय, तेच हे चित्र.

आईचं माहेर हर्णै. मामा वारला आणि तिकडे जाणं संपलं.

सत्त्याण्णव साली, मी आठवीत असताना, तिने माझ्या वॉटरकलरच्या ट्यूब घेऊन तिथलं बंदर आठवून काढलं. चार होड्या, शांत पाणी, माणूस एकही नाही.

"माणसं कुठेत?"
"जेवायला गेलीत."

आईला स्वतःसाठी काही करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि मला राग कशाचा आला, तर माझा निळा संपत होता. एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा तोंडावर आलेली.

"अगं, किती निळा घेतेस?"
"समुद्र आहे तो. थोडक्यात कसा होईल?"

उरलेली ट्यूब मी कंपासपेटीत लपवली.

संध्याकाळी तिने विचारलं, "निळी बघितलीस का रे?"
"नाही."

आकाश कोरंच राहिलं.

बाबांनी तसंच फ्रेम करून आणलं. येणारा-जाणारा म्हणायचा, आकाश पांढरं सोडलंय, काय नजर आहे! आई म्हणायची, "तिकडे असंच असतं." मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत सटकायचो.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तिला रंगांचा मोठा सेट आणला. दोन-तीनदा कागद घेऊन बसली. मग म्हणाली, "आता तिकडचं नीट आठवत नाही रे."

सेट कपाटात तसाच आहे.

परवा हॉस्पिटलमध्ये तिला जरा बरं वाटत होतं. तेव्हा एकदाचं सांगून टाकलं.

"आई, ती निळी मी लपवली होती."
"माहितीये. कंपासमध्ये होती."
"मग घेतली का नाहीस?"
"तुझी परीक्षा होती ना."

त्या परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली होती.

तिनेच विषय बदलला. "सकाळपासून इथेच बसलायस. जा, जेवून ये."

मी गेलो नाही. भूक नाही म्हणालो.

आत्ता शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणून ठेवलाय. बाबा दोनदा हाक मारून गेले.

होड्या आहेत तिथेच आहेत. माणूस एकही नाही.

आई, जेवून येतो.