जिनिंगच्या यादीतून गळालेली बाई

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच लाज वाटते, ज्यानं चूक केली त्याची नंतर. निवृत्त होऊन फार दिवस झालेले नाहीत, म्हणून नाव कोणाचंच घेत नाही.

मी दिग्रसला ठाणेदार होतो. बुधवारचा दिवस. सकाळची हजेरी उरकून चहाला बसतो न बसतो, तोच एका लहानशा जिनिंगचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. शेटजी भला माणूस. त्या वर्षी त्यांनी आपल्या तीसेक कामगारांचा एकत्र आरोग्य विमा उतरवला होता. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकणारी त्यांची एक जुनी बाई मंगळवारी यवतमाळच्या खासगी दवाखान्यात गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी गेली, तर काउंटरवाल्यानं कार्ड बघून सांगितलं, तुमचं नाव पॉलिसीत नाही. बाईच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, रक्त चढवलं, पण पैशाची सोय झाल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं, आणि आठवडाभरही थांबू नका असं तेच सांगत होते. शेटजींचा सगळा पैसा कापसात अडकलेला. विमा करून देणारी यवतमाळची ब्रोकर बाई बोगस निघाली, तिच्यावर गुन्हा दाखल करा, असं त्यांचं म्हणणं.

याच मजकुराचा एक निनावी अर्ज टपालानं आमच्याकडे आलेलाच होता. 'जिनिंगचे कार्ड खोटे आहे, बाईले दवाखान्यातून वापस केलं.' माझ्या रायटरनं तो काढून समोर ठेवला. मी म्हटलं, झालं, दुजोराही मिळाला.

या ब्रोकरला निवडलं कसं, ते मी शेटजींना विचारलं. त्यांनी तिघांना बोलावलं होतं. पहिला नागपूरचा, लॅपटॉप उघडून तासभर इंग्रजी बोलला. दुसरा जिनिंगच्या मुनीमजींच्या ओळखीचा, त्याचा हप्ता सगळ्यात कमी. तिसरी ही बाई, एसटीनं आली. केबिनमध्ये बसायच्या आधी म्हणाली, मले तुमच्या बायांशी बोलू द्या. निंबाखाली त्यांच्यासोबत बसली, उठून आली आणि शेटजींना सांगितलं की स्वस्त पॉलिसीत जुन्या आजाराला दोन वर्षं थांबावं लागते आणि तुमच्याकडे आजार जुनेच आहेत. कोणाला काय आहे, ते मात्र सांगितलं नाही. शेटजींनी तिलाच काम दिलं.

मुनीमजी शेटजींच्या खुर्चीमागे उभे होते. वीस वर्षं जिनिंगचा कारभार आणि याद्या त्यांच्याच हातात. कामगारांत कोणी आजारी पडलं की गाडी करायची, डॉक्टरला हात जोडायचे, रात्र काढायची, सगळं तेच करत. त्यांनी स्वतःच मला मोजून दाखवलं: अमक्याला नागपूरला मी नेलं, तमक्याचं पोट मी फाडून आणलं, फलाणीचं बाळंतपण माझ्यामुळं नीट झालं. ब्रोकरचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "दोन मिनिटं हसून बोलली सायब, का बाया भुलल्या."

ब्रोकरला ठाण्यात बोलावलं. पस्तिशीची, नीटनेटकी, हातात फाइल. खरं सांगतो, मला ती आवडली नाही. आम्हा पोलिसांची एक वाईट खोड आहे, ज्याचे कागद तयार असतात त्याच्यावरच आधी संशय घेतो. दोन तास बाकावर बसवून ठेवली. तिनं जिनिंगकडून आलेली महिन्याची यादी दाखवली. टाइप केलेली, सही नाही, एसटीच्या पार्सलनं आलेली. त्यात त्या बाईच्या नावापुढं 'काम सोडलं' असं होतं. ती म्हणाली, "यादी आली तशी मी पुढं पाठवली. एक फोन करायले पाहिजे होता. तेवढी चूक माझी आहे." मुनीमजींनी जिनिंगच्या फाइलमधली प्रत पाठवली. तिच्यात बाईचं नाव जसंच्या तसं. म्हणजे एक यादी खोटी, आणि मी मनातल्या मनात ब्रोकरलाच धरून बसलो होतो. रायटरला म्हटलंही, गुन्हा दाखल करायचे कागद तयार ठेवा.

दुसऱ्या दिवशी बाईचा जबाब घ्यायला यवतमाळला गेलो. सोबत एक महिला शिपाई होती, नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेली. मी स्टूल ओढून बसलो आणि त्रास कधीपासून, ब्रोकरला काय सांगितलं, काम सोडलं होतं का, सगळं विचारलं. बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आवाज चढवला तर तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. शेवटी शिपाई म्हणाली, सर, मी बघते. मी बाहेर गेलो. तासाभरात ती चार पानांचा जबाब घेऊन आली. दोन वर्षांपासून अंगावरून जात होतं. घरी नवऱ्याला सांगितलं नाही, जिनिंगमध्ये कोणाला नाही. पहिल्यांदा सांगितलं ते त्या ब्रोकरला. काम एक दिवसही सोडलं नव्हतं.

परत येताना दारव्ह्याला चहाला थांबलो. तिथं मी त्या पोरीला चारचौघांत झापलं. कायले, तर टोपी घातली नव्हती म्हणून! ती गप टोपी घालून गाडीत बसली. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता.

पुढं गाडीत मला माझाच राग यायला लागला. टोपीचं मला काहीच पडलेलं नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं. बत्तीस वर्षं वर्दी घातली मी, आणि बाई बोलली ती कालच्या पोरीशी! मनात म्हणतही होतो, दोन मिनिटं गोड बोलली असेल, त्यात काय मोठं. आणि लगेच लक्षात आलं, हेच वाक्य मी कालच ऐकलं आहे, याच सुरात.

ठाण्यात शिरल्या शिरल्या तो निनावी अर्ज पुन्हा मागवला. मजकूर नाही, आवकचा शिक्का बघितला. सोमवारचा. काउंटरवर बाईचं कार्ड नाकारलं ते मंगळवारी. जे अजून घडलंच नव्हतं, ते लिहिणाऱ्याला आधीच माहीत होतं. नाव यादीतून गेलंय हे एक तर ब्रोकरला माहीत, नाहीतर यादी करणाऱ्याला. आणि ब्रोकर काही स्वतःच्याच विरुद्ध अर्ज टाकणार नाही. शिक्का पहिल्याच दिवशी माझ्या समोर होता. बघायचं होतं कोणाला?

मुनीमजींना बोलावलं. दरडावलं नाही, चहा दिला. अर्ज समोर ठेवला, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि दारव्ह्याची टोपीची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. ते खाली मान घालून ऐकत राहिले. चहा निवून गेला.

"वीस वर्षं सायब," मग ते म्हणाले, "एकाचंही दुखणं माह्याशिवाय गेलं नाई. अन् आता पोट दुखलं तरी तिलेच फोन करून राह्यले. या बाईनं तर तिले दुखणं सांगतलं, मले नाई; ऑपरेशनसाठी सुट्टी मागतली तवा मले समजलं. मले वाटलं, एक डाव दवाखान्यातून वापस आली का माह्यापाशीच येईन."

"अन् मेली असती तर?"

नाव आपणच गाळलं, अर्जही आपलाच, हे त्यांनी सांगितलं. फाइलमधली प्रत आपणच मागून बनवली, हेही कबूल केलं.

शेटजींनी त्याच दिवशी चूक दुरुस्तीचं पत्र दिलं. ज्या ब्रोकरला मी बाकावर बसवलं होतं, तीच दोन दिवस कंपनीच्या मागं लागली, आणि शनिवारी ऑपरेशन झालं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे सर, आणि निघून गेली. शेटजींनी मुनीमजींवर तक्रार दिली नाही, त्यांचा जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला. ते बरोबर केलं की नाही, माझं आजही ठरत नाही.

अर्ज निकाली काढायच्या आधी, ऑपरेशननंतर चार दिवसांनी, पुरवणी जबाबासाठी पुन्हा दवाखान्यात गेलो, तर मुनीमजी आधीच खाटेपाशी उभे होते. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मग विचारलं, "पण दोन वर्षं तू मले काहून नाई सांगतलं?"

बाईनं त्यांच्याकडं बघितलं. रागावली नाही.

"तुमी नेलं असतं जी दवाखान्यात," ती म्हणाली. "पण मंग साऱ्या जिनिंगले सांगतलं असतं, का हिले मी नेलं."

 

तपासात आम्ही विचारत असतो की यात फायदा कोणाचा. त्या दिवसानंतर मी हेही विचारायला लागलो की यात गरज कोणाची संपली. मत्सर सुटला म्हणाल तर नाही सुटला. पण पुढं बायांचे जबाब तीच शिपाई घ्यायची. मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो, आणि आतलं बोलणं कानावर येऊ नये म्हणून दार स्वतःच्या हातानं लावून घ्यायचो.