सहीसाठी थांबलेला क्रम

मधुसूदनरावांचा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्याने दूध घरून मापून आणलेलं त्यांना चालत नसे, डोळ्यांसमोर मापायला लावत. स्कूटरला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघत. त्यांच्या पत्नी रजनीताईंनी तीस वर्षं हे हसण्यावारी नेलं. पण यवतमाळच्या टेलिफोन केंद्रात मधुसूदनराव मुख्य तंत्रज्ञ होते, आणि तिथे हसायची सोय नव्हती.

तिथल्या यंत्रात एक क्रम भरून ठेवावा लागतो. मोठी केबल तुटली, की उरलेल्या अरुंद मार्गावर सगळ्यांचे फोन मावत नाहीत. मग आधी कुणाला वाट द्यायची आणि कुणाला थांबवायचं, हे यंत्र त्या क्रमावरून ठरवतं. मुकुटबन गावाच्या मार्गावर वर्षानुवर्षं पहिला मान कापसाच्या एका जिनिंगवाल्याचा होता. ऑगस्टमध्ये कपिलने तिथला दवाखाना वर आणला आणि जिनिंग खाली ढकललं. कपिल मुकुटबनच्याच शेतकरी घरातला, कंत्राटावरचा तंत्रज्ञ, सहा वर्षांपासून कामाला.

बदल चालू झाला, पण यंत्रात कायमचा जतन झाला नाही. मधुसूदनरावांच्या सहीशिवाय काहीही जतन करायचं नाही, असा तिथला कायदाच होता. कपिलचा कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. "पंधरा दिवस बघू," म्हणाले. पंधराचे साठ झाले.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी रस्ता खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली. मुकुटबनचा टॉवरही त्याच केबलवर. दवाखान्यातल्या सिस्टर हंसाबाई रुग्णवाहिकेसाठी दोन तास फोन लावत राहिल्या आणि जिनिंगवाल्याचे सौदे मात्र सुरळीत चालले. बाळंतपणात अडलेल्या बाईला शेवटी ट्रॅक्टरवर घालून वणीला नेलं. आई आणि बाळ सुखरूप राहिले, हे नशीब.

मधुसूदनरावांनी पडद्यावर पाहिलं. जिनिंग पुन्हा पहिल्या नंबरवर! इथे नक्कीच पाणी मुरतंय, त्यांनी ठरवून टाकलं. मागच्याच आठवड्यात कपिल बस स्टँडजवळ जिनिंगच्या मॅनेजरसोबत चहा पिताना दिसला होता.

"क्रम कुणी फिरवला?"

"म्या नाही फिरवला, साहेब. दसऱ्याच्या आदल्या दिवशी—"

"दसऱ्याचं पुराण नको सांगूस मला!"

कपिल गप्प बसला. त्याचं गप्प बसणंही मधुसूदनरावांना गुन्ह्याची कबुलीच वाटलं. दुपारी त्यांनी नागपूरच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं: याला काढा. तासाभरात उत्तर आलं: काढतो, फक्त यंत्रातल्या नोंदींचा पुरावा पाठवा.

पुरावा काढायला ते हौसेने बसले. ऑगस्टनंतर कपिलच्या नावावर एकही नोंद नव्हती. त्यांनी पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. शेवटच्या नोंदी दोनच होत्या: खंडेनवमी, सकाळी दहा चाळीस, यंत्र बंद. दहा पन्नास, यंत्र सुरू.

खंडेनवमीची पूजा. दरवर्षी यंत्र दहा मिनिटं बंद करून, धूळ पुसून, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाला यंत्राला हातही लावू देत नसत. जतन न केलेला क्रम त्या दहा मिनिटांत पुसला गेला आणि यंत्राने उठताच जुना धरला. बटणावर त्यांच्याच बोटाचं कुंकू अजून होतं.

मधुसूदनरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी नागपूरला फोन लावला.

"तक्रार मागे घेतो."

"मग केलं कोणी?"

"मी," ते म्हणाले.

कपिल डबा पिशवीत भरून निघायच्या बेतात होता.

"मी यंत्र बंद केलं ते तू पाहिलं होतंस. मग बोलला का नाहीस?"

"बोलून तं राह्यलो होतो, साहेब. तुमीच म्हणले, पुराण नको सांगू. अन् सांगतलं असतं तं तुमी मानलं असतं काय?"

मधुसूदनरावांनी काचेखालचा कागद काढून सही केली आणि खुर्ची सोडून उभे राहिले. "क्रम भर पुन्हा. आणि जतन कर. मी बघणार नाही."

कपिल कीबोर्डजवळ आलाच नाही.

"तुमीच करा, साहेब," तो म्हणाला. "माह्या डोळ्यासमोर करा."

मधुसूदनराव पुन्हा खुर्चीत बसले. जतनाचं बटण दाबलं जाईपर्यंत कपिल त्यांच्या बोटांकडे बघत मागे उभा राहिला.