टीव्ही म्यूट केला, तरी आवाज येत होता

माझी आई भित्री होती, आणि तिला एकटीला घरी ठेवून ऑफिसला जाणारी मी होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

बाबा गेल्यावर मी तिला चिंचवडहून इथे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात आणलं. दुमजली घर, डबल गराज, मागे डेक. आईला ते घर कधी मानवलं नाही.

"रस्त्यावर माणूस दिसत नाही गं. ओरडले तर ऐकणार कोण?"

"आई, इथे सेफ आहे," मी म्हणायचे आणि गाडीची किल्ली उचलायचे.

इरा, माझी सहा वर्षांची मुलगी, शाळेत गेली की वरच्या लाउंजमध्ये आई एक कोरियन सिरियल लावायची. हिंदीत डब केलेली. खून, गँग, तुफान मारामारी. भित्र्या बाईला हे कसं आवडतं, मला कळायचं नाही.

तिला त्यातला हिरो आवडायचा. थोराड चेहरा, झोप न झालेले डोळे. त्या नटाचं नाव तिला कधी उच्चारता आलं नाही. ती त्याला इन्स्पेक्टर म्हणायची.

"दहा जणांना लोळवतो, पण आधी घाबरतो. आवंढा गिळतो बघ. आपले हिरो कुठे घाबरतात?"

एका सीनमध्ये तो बंद कारखान्यात शिरताना बूट काढून हातात घेतो. तो सीन तिने मला दोनदा दाखवला होता. "आधी ऐकतो. मग हलतो."

जुलैतला मंगळवार होता. नवरा कामासाठी वेलिंग्टनला. इराला ताप होता, म्हणून ती तिच्या खोलीत झोपलेली.

सकाळचे अकरा. सिरियलमध्ये मारामारी चालली होती, काचा फुटत होत्या. इरा उठेल म्हणून आईने टीव्ही म्यूट केला.

काच पुन्हा फुटली.

खालून. लाँड्रीतून, कपडे धुण्याच्या खोलीतून.

आईने पायातल्या सपाता काढल्या आणि ऐकत उभी राहिली. खाली कोणीतरी ड्रॉवर उघडत होतं. तिने इराला उचललं, बाथरूममध्ये नेलं, आतून लॉक लावलं.

मग मला फोन केला. दोनदा.

मी मीटिंगमध्ये होते. दोन्ही वेळा कट केला.

१११, इथला पोलिसांचा नंबर, इराने लावला. शाळेत शिकवलं होतं. आई तिच्या कानात मराठीत सांगत होती, इरा फोनवर इंग्लिशमध्ये बोलत होती.

"सांग, खाली माणूस आहे."

"देअर इज अ मॅन डाउनस्टेअर्स."

"सांग, जिना चढतोय."

इरा आईकडे बघत राहिली.

"सांग बाळा. मी आहे."

तिने सांगितलं.

आई दाराला पाठ लावून खाली बसली, पाय समोरच्या टबला रोवले. हँडल फिरलं. थांबलं. परत फिरलं. आईच्या पाठीला दार ढकललेलं कळत होतं. तिने इराचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं.

मग बाहेर गाडीचे ब्रेक वाजले. जिन्यावरून कोणीतरी धावत खाली गेलं.

मला पोलिसांचा फोन आला. दोघी सेफ आहेत, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मी गाडी काढली, मोटरवेला लागले. ते खोटं बोलत असतील, मी नीट गाडी चालवावी म्हणून तसं सांगत असतील, हेच डोक्यात.

घरी आले. आई जिन्यावर अनवाणी बसलेली, इरा मांडीवर. पोलीस बाई मला म्हणाली, "युअर मम डिड एव्हरीथिंग राइट."

आणि मी आईला काय विचारलं?

"लाँड्रीचं दार लॉक केलं नव्हतंस का?"

"केलं होतं गं," आई म्हणाली.

त्या दाराची फुटलेली काच माझ्या समोर पडली होती.

त्यानंतर तिने ती सिरियल लावली नाही. शेवटचे तीन भाग राहिले. "कोणी त्याच्या अंगावर धावून आलं की मला ते हँडल दिसतं," म्हणाली. घरात एकटी राहिना. दोन महिन्यांनी चिंचवडला परत गेली.

इरा अजून बाथरूमचं दार उघडं ठेवते. मीही ऑफिसमधून दिवसात चार-पाच वेळा घरचा कॅमेरा बघते. रिकामा जिना दिसतो. तरी बघते.

ते तीन भाग मी गेल्या आठवड्यात पाहिले. इन्स्पेक्टर वाचतो, आई.

आपण रोज फोनवर बोलायचो. गोळ्या घेतल्यास का, तिकडे थंडी आहे का, इरा जेवली का. तू तुझ्या त्या दोन फोनचा विषय कधी काढला नाहीस. मी माझ्या त्या प्रश्नाचा कधी काढला नाही. पुढच्या वेळी भेटले की बोलू, असं ठरवत राहिले. मग एका सकाळी चिंचवडहून शेजारच्या काकूंचा फोन आला.

तुला जवळ घ्यायचं सोडून मी दाराची चौकशी केली.

चुकलं माझं, आई.

आता निवांत राहा. नमस्कार करते.