टँकरचा हॉर्न

ओल्या रबरी पाइपचा वास आला की मला फरीदाबाद आठवतं. आमच्या पुण्याच्या चर्चचा तरुण संघ तिथल्या नव्या वस्तीत सेवेला गेला होता. महिनाभर तालीम करून गाणी बसवलेली. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच टँकरचा हॉर्न वाजायचा आणि प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन पळायच्या. रोज तेच! वैतागून मी तिथल्या मराठी पाळकीणबाईंना म्हटलं, "यांना देवापेक्षा पाणी मोठं का?" त्या म्हणाल्या, "अच्छा, मग पाणी तुम्ही भरा, त्या बसतील." गाणारे आम्ही सगळे बादल्यांच्या रांगेत, आणि आत प्रार्थनेच्या खोलीत बायका आमच्यावाचून मस्त गात होत्या. तालीम कशाला केली, कुणास ठाऊक! आता मी गुडगावात राहतो. इथंही टँकरचा हॉर्न वाजला की प्रार्थना अर्धी टाकून सगळ्यांच्या आधी मीच पळतो.