छातीएवढं पाणी

आनंदराज लोह्याच्या अग्निशमन दलातला. वय बेचाळीस, मिशी झुपकेदार. गोदावरीच्या पुरातून त्यानं आजवर एकोणीस माणसं बाहेर काढली होती. टपरीवर चहाला बसला की हा आकडा निघालाच म्हणून समजा. बुडणाऱ्यांची मात्र त्याला मोठी चीड. "येड्यावाणी गळ्याला मिठी मारतेत," तो म्हणायचा. "स्वतः जातेत अन् आपल्यालाबी नेतेत."

लिंबोटी धरणावर तो आणि अम्मार मिळून दोघांची होडी वल्हवायचे. अम्मार फ्रीज दुरुस्तीवाला, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, अबोल. धरणावर या जोडीला तोड नव्हती. म्हणून गेल्या हिवाळ्यात दोघं कोकणात गेले, समुद्रातल्या रोइंगच्या निवड चाचणीला. समुद्र दोघांनीही आधी पाहिलेला नव्हता.

वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते. किनाऱ्यावरून निघालं की तोंड वाळूकडं, आणि लाट येते पाठीमागून. म्हणून पुढच्या टोकाला बसणाऱ्यानं सारखं वळून बघायचं, असं तिथल्या प्रशिक्षकानं दोनदा बजावलं. त्या टोकाला आनंदराज बसला होता. धरणावर मान वळवणाऱ्या पोरांना, होडीचा तोल जातो म्हणून, त्यानं वर्षानुवर्षं झापलेलं. आता स्वतः कुठं मान वळवणार?

तिसऱ्या लाटेला होडी आडवी झाली. तेव्हा कुठं त्यानं वळून पाहिलं, आणि त्याची पाचावर धारण बसली. हातातली वल्ही सुटली, होडी उलटली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. अंगात लाइफ जॅकेट असूनही या पट्टीच्या पोहणाऱ्यानं हाताला लागला तो अम्मारचा गळा आवळला. अम्मार पाण्याखाली गेला, तरी सोडला नाही.

अम्मार कसाबसा वर आला. "दादा," तो खोकत म्हणाला, "उभं ऱ्हावा. छातीएवढंच पाणी हाय."

आनंदराज उभा राहिला. खरंच छातीएवढं होतं. किनाऱ्यावर रांगेत थांबलेले सगळे बघत होते. त्याला इतकी लाज वाटली, की पुन्हा खाली बसावं आणि वरच येऊ नये.

परतीची बस अहमदपूरला पोचली. तेव्हा आनंदराज हळूच म्हणाला, "घरी काय सांगायचं?"

"लाट आली, होडी उलटली," अम्मार म्हणाला. "खोटं थोडंच हाय?"

आनंदराजचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडला याचीच त्याला पुन्हा लाज वाटली.

चार दिवसांनी अम्मारच्या आईचं, सालेहाआपांचं, जेवायला बोलावणं आलं. आपांनी ताटात खिचडी वाढली, वर चिंचेचा खट्टा ओतला. "भाऊ, तुमी हाव म्हणून माजं लेकरू डोळ्यांपुढं हाय," त्या म्हणाल्या. "गळ्याला ओरखडे कशाचे इचारलं, तर म्हणला, दादानं ओढून काढलं तवा लागले."

आनंदराजनं अम्मारकडं पाहिलं. तो ताटातच बघत होता. या पोरानं आपली अब्रू झाकली, तीही आपल्याच नखांच्या खुणा दाखवून. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"आपा, मी न्हाई काढलं. मीच त्याला बुडवायलो होतो."

आपा हसल्या. "बघा, किती मोठं मन. दुसरा असता तर गावभर सांगत फिरला असता."

इथं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. एकोणिसाचे वीस झाले असते, आणि कुणी हिशेब विचारला नसता.

"आपा, बुडणाऱ्याला आमी मागनं धरतो. काखेतनं," तो म्हणाला. त्यानं आपला उजवा पंजा अम्मारच्या गळ्यापाशी नेला. चार ओरखडे, चार बोटं. "हे पुढनं हायेत."

आपांचा वाढता हात थांबला. त्यांनी गळ्याकडं पाहिलं, मग त्या पंजाकडं. डाव खाली ठेवून त्या उठल्या आणि दोघांच्या मध्ये येऊन बसल्या.

"जेवा," त्या म्हणाल्या.