टोन्याच्या आठ ओळींसाठी व्हाइटफील्डला

बंगळुरात बनशंकरीहून व्हाइटफील्डला जाणं म्हणजे आमच्या घरात परगावी जाणंच. "आई, कार्यक्रमाला एवढ्या लांब नको येऊस, व्हिडिओ पाठवते," असं रेवती, माझी मुलगी, म्हणाली आणि तेव्हाच मी ठरवलं, जायचं. ओहायोतले तिचे सगळे कार्यक्रम मी फोनवरच पाहिले होते, आणि आता ती इथे येऊन गाणार होती.

तुम्ही जाणार असाल तर रविवारी निघा, आणि मेट्रोनेच जा. आधी स्टेशनजवळ ताटलीएवढी तट्टे इडली खाऊन घ्या, कारण मॅजेस्टिकला गाडी बदलताना बरंच चालावं लागतं. तिकीट शंभराच्या आत, वेळ दीड तास. शाल असू द्या, डब्यात गारठा असतो.

वाटेत मला त्यांच्या ग्रुपचे जुने दिवस आठवत होते. रेवती तिकडे शिकायला गेली आणि एका लाँड्रीच्या तळघरात ती, टोन्या, लुईस आणि मार्कस अशा चौघांनी रॅप सुरू केलं. ती आमच्या घरच्या मराठीत, कन्नड शब्दांसकट, आपल्या ओळी म्हणायची आणि मक्याच्या शेतांमधल्या त्या गावातली पोरं माना डोलवायची. मग कॉलेजांचे हॉल झाले, मग शिकागो. पुढे टोन्याला मूल झालं, तिनं नर्सची नोकरी धरली. लुईस भांडून गेला. उरले रेवती आणि मार्कस. पण त्यांचा एक नियम आहे: गेलेल्याच्या आठ ओळी दुसऱ्या कुणी म्हणायच्या नाहीत. तेवढा वेळ नुसता ठेका चालतो आणि दोघं गप्प उभी राहतात.

आमच्या कॉन्व्हेंटच्या गाण्याच्या रांगेतून नववीत माझ्या वर्गातली फिलोमिना गेली, वडिलांची बदली झाली म्हणून. सिस्टरनी टाळी वाजवली, आम्ही एकेक पाऊल सरकलो आणि तिची जागा भरून गेली. इतकं सोपं होतं ते. मला अजून बोचतं.

हॉल स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. पाठ असलेल्या खुर्च्या मोजक्याच, लवकर पोचा. मी पोचले तेव्हा तालीम चालू होती आणि आयोजक, पुण्याचा एक मुलगा, रेवतीला समजावत होता की ते रिकामे पार्ट कट करू, लोकांना साउंड बंद पडल्यासारखं वाटतं.

"ती टोन्याची जागा आहे," रेवती म्हणाली. "कट होणार नाही."

"मग मी साउंडच्या कन्सोलवरून गाणं पुढे न्यायला सांगेन. आणि परत बोलावणार नाही."

मी माझी खुर्ची उचलली आणि कन्सोलला चिकटून बसले.

कार्यक्रम सुरू झाला, टोन्याच्या ओळी आल्या. दोघं गप्प. मागून कुणीतरी विचारलं, माइक गेला का? कन्सोलवाल्याचा हात बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"अण्णा, स्वल्प निल्ली," जरा थांबा, मी म्हणाले.

त्यानं आयोजकाकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे.

"सरी अम्मा," म्हणाला, आणि हात मागे घेतला.

मी बोटांवर ओळी मोजत होते. सहाव्या ओळीला हॉल शांत झाला. लुईसच्या वेळी कुणी काही विचारलंच नाही. मग रेवतीनं आमच्या मराठीत सुरुवात केली आणि मला समोरचं नीट दिसेना.

परत बोलावणार नाही, हे आयोजकानं निघताना पुन्हा सांगितलं. मेट्रोत रेवती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मग दुसरीकडे."

आमच्या गुरुवारच्या भजनातली शांताक्का मुलाकडे हुबळीला राहायला गेली. तिचं कडवं सगळ्यांनी मला देऊ केलं होतं. घरी आल्यावर मी नाही म्हणून कळवलं. आता तेवढा वेळ नुसत्या झांजा वाजतात. बायका कुरकुरतात, अवघडल्यासारखं होतं म्हणतात.

होऊ दे.