साडूभाऊंनी लावलेले दिवे

'काय दिवे लावलेस?' असं माणसं आयुष्यभर एकमेकांना विचारत असतात. पण या प्रश्नाचं उत्तर वायरिंगसकट देणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे सासऱ्यांनी आपल्याला न विचारता करून दिलेला भाऊ. आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. मी तहसीलात कारकून, म्हणजे बसणं हाच माझा धंदा. आणि साडूभाऊंना बसणं ही शिक्षा. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण यांच्या सगळ्या अंगालाच भिंगरी. चहा उभ्यानं पितात, तोही अंगणात फेऱ्या मारत. पंगतीतून भात यायच्या आत उठतात. झोपेतसुद्धा त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत असतो, असं मेहुणी सांगते. अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीतून उठून, गळ्यातल्या फडक्यासकट जीपखाली वाकून आलेले मी स्वतः पाहिले आहेत. एकदा आम्ही दुखवट्याला एका घरी गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि डोक्यावर पंखा कुरकुरतोय. साडूभाऊंनी पाच मिनिटं कळ काढली, मग घरधन्याच्या कानाशी लागून म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हर हाय का?" पंखा उतरवून, तेल देऊन तो पुन्हा चढवला, तेव्हा कुठं त्यांना रडू आलं.

धंदेही त्यांनी असेच केले. मोबाईलचं दुकान टाकलं, कोंबड्यांची शेड उभारली, बोअरची एजंटी घेतली. धंदा बुडाला म्हणून सोडणारे लोक असतात. हे धंदा चालायला लागला की कंटाळून सोडायचे. शेवटी चकलांब्यात एक जुनी जीप घेतली आणि ती भाड्यानं चालवायला लागले. ती मात्र टिकली, कारण तिच्यात बसलं तरी माणूस पुढं जातो.

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची वस्ती लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. जावयाला कुणी तोंडावर बोलत नसतं, पण मामांनी ती सवलत स्वतःची स्वतःच घेतलेली होती. काही वर्षांपूर्वी दिव्याच्या अमावस्येला आम्ही दोघे जावई तिथं होतो. बायकांनी समया, निरांजनं, जुना कंदील असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं होतं. मामा म्हणाले, "थोरल्याची नोकरी हाय. तुमी काय दिवे लावले, पाव्हणं?" सगळे हसले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मी हसलो. साडूभाऊ उठले. म्हणजे ते उभेच होते, नुसते बाहेर गेले. जीप आणून दारात लावली, पुढचे दोन्ही दिवे पेटवले आणि बायकोला म्हणाले, "ह्यांना बी कुंकू लाव." मेहुणीनं गुमान दोन्ही काचांना हळदकुंकू वाहिलं. मामांनी तो पिवळा, आजारी उजेड बघून घेतला आणि म्हणाले, "ह्याच्यापक्षी माझा कंदील बरा."

ते वाक्य साडूभाऊंना जे लागलं ते लागलंच. आठ दिवसांत त्यांनी दुप्पट ताकदीचे बल्ब आणून बसवले. जुन्या वायरला तो भार सोसणार नाही, मध्ये तो भार उचलणारा रिले घालावा लागतो, हे त्यांना होल्डर वितळल्यावर कळलं. मग रिले आला, जाड वायर आली, नव्या काचा आल्या. शाळेच्या भिंतीवर गेरूनं रेघा ओढून साडूभाऊ दिव्यांचा नेम धरू लागले आणि भूमितीच्या तासाला गुरुजी त्याच रेघा वापरू लागले. हा नाद आहे आणि तो चार महिन्यांत सुटेल, असं मी घरी सांगून टाकलं होतं.

पण त्याच सुमारास मामांचे डोळे उतरायला लागले. आम्ही दोघांनी त्यांना बीडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती जपा. परतताना जीप घाट चढून वर आली. मग मामा म्हणाले, "माणूस ओळखू येत न्हाई आता. उजेड तेवढा दिसतो." मला त्या वाक्यात दुःख ऐकू आलं, साडूभाऊंना काम ऐकू आलं.

मामांच्या वस्तीआधी एक चिंचेचं वळण आहे. तिथून समोर थेट मामांचा ओटा दिसतो. दर गुरुवारी संध्याकाळी साडूभाऊ चकलांब्याहून निघायचे, त्या वळणावर जीप थांबवायचे, सगळे दिवे ओट्यावर सोडायचे आणि मग अंगणात येऊन पहिला प्रश्न विचारायचे, "मामा, किती दिसला?" पहिल्यांदा मामा म्हणाले होते, "ताटाएवढा." साडूभाऊंनी त्या दिवशी आनंदानं मामांच्या विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर खोलून ठेवलं. काही महिन्यांनी मामा म्हणाले, "ताटलीएवढा," तेव्हा पांढऱ्या उजेडाचा एलईडीचा किट आला. त्या उजेडात शेजारच्या वस्तीवरचा कोंबडा दिवेलागणीलाच आरवला. कोंबडा झाकून उजाडायचं राहत नाही हे आपण ऐकलेलं असतं. न उजाडता कोंबड्याला आरवायला लावणारे हेच पहिले. धनगराच्या शेळ्या रस्त्यात जागच्या जागी उभ्या राहिल्या, त्या धनगरानं एकेक उचलून बाजूला ठेवल्या. समोरून आलेला एक ट्रकवाला गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, "डोळे फोडतो का बे? डिपर मार की." एका हवालदारानं वरात कुणाची म्हणून विचारलं.

यावर साडूभाऊंनी काढलेला तोडगा मी दुसऱ्या कुठल्या माणसाकडून ऐकलेला नाही. त्यांनी मेहुणीकडून दिव्यांना टोपडी शिवून घेतली. ओटीत आलेले ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, शिवत कुणीच नाही. आमच्या मेहुणीचे मात्र कारणी लागले. एका दिव्याला जांभळं टोपडं, दुसऱ्याला पोपटी, दोन्हींना नाडी. चकलांब्यापासून चिंचेच्या वळणापर्यंत जीप टोपडी घालून शहाण्या बाळांसारखी यायची, आणि वळणावर साडूभाऊ उतरून ती सोडायचे.

मी एकदा त्यांना स्पष्टच म्हणालो, "साडूभाऊ, डोळाच विझत चाललाय. दिवा वाढवून काय होणार?"

"कावून न्हाई होणार? आपल्याला कमी दिसलं तर आपण वात वाढवतो का न्हाई?"

"आणि एक दिवस नाहीच दिसला तर?"

साडूभाऊंनी तिकडं तोंड करून बॉनेट उघडलं, आणि बराच वेळ त्यांचा पाना कुठल्याच नटाला लागत नव्हता. तेव्हा मला कळलं, की हा माणूस नव्या वस्तूच्या नादानं नाही, भीतीनं पळतोय. मामांनी 'दिसला' म्हणायचं थांबवलं, तर पळायला जागाच उरणार नव्हती. पुढं ताटलीची वाटी झाली. उन्हाळ्यात मामा म्हणाले, "बटणाएवढा असंल." त्या गुरुवारी साडूभाऊ पाणीसुद्धा न पिता तसेच नगरला गेले आणि उजेड एका जागी गोळा करणारा भिंगाचा प्रोजेक्टर किट घेऊन आले. तो बसवायला त्यांना पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी मला रोज दोनदा फोन केला. बोलायचं काही नसायचं.

तो किट मामांना पहिल्यांदा दाखवायचा मुहूर्त त्यांनी धरला होता यंदाच्या दिव्याच्या अमावस्येचा. मी दुपारपासूनच वस्तीवर होतो. आत पाटावर समया मांडलेल्या, बाहेर आभाळ भरलेलं, आणि ओट्यावर मी आणि मामा. अंधार पडला तसा लांबून जीपचा आवाज आला आणि चिंचेच्या वळणावर नेहमीप्रमाणं थांबला. मी श्वास धरून बघत होतो. वळणावर काहीच पेटलं नाही. साडूभाऊंनी टोपडी सोडली होती, बटण दाबलं होतं, आणि फ्यूज उडून पुढचे सगळे दिवे गेले होते, हे मला मागाहून कळलं. तेव्हा माझ्यासमोर नुसता काळोख होता.

मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आला," ते म्हणाले. "दिसला बघा."

मी पुन्हा वळणाकडं बघितलं. काही नव्हतं. मामांचं तोंड मात्र बरोबर त्या दिशेला होतं. मला एकदम त्या उन्हाळ्यातलं बटण आठवलं, आणि तेही होतं की नव्हतं कुणास ठाऊक, असं वाटून गेलं. जीप पाठ असलेल्या वाटेनं, माणूस चालतो तेवढ्याच वेगानं, अंधारातच अंगणात आली. साडूभाऊ उतरले. हात काळे, हातात दोन्ही टोपडी, चेहरा चोरी सापडल्यासारखा. ते सांगायला तोंड उघडणार, तोच मामा बोलले.

"पाव्हणं, आज मातर दिवे लावले तुमी. ताटाएवढा दिसला."

साडूभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ओट्याची फरशी मी इतक्या बारकाईनं कधी पाहिली नव्हती.

"हा मामा," साडूभाऊ हळूच म्हणाले. "नवा किट हाय."

आणि मग ते बसले. मामांच्या शेजारी, ओट्यावर, पाय सोडून, पूर्ण बसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा आला तो त्यांनी बसूनच प्यायला, गार करून. मेहुणी तबक घेऊन बाहेर आली, विझलेल्या दोन्ही काचांना हळदकुंकू लावून आत गेली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, कारण मामांना दिसणार नव्हतं.

फ्यूज दुसऱ्या दिवशी बदलला. साडूभाऊ अजून दर गुरुवारी जातात, वळणावर टोपडी सोडतात, दिवे ओट्यावर धरतात. पण अंगणात आल्यावर आता ते काही विचारत नाहीत. मामाच सांगतात, ताटाएवढा. आणि चहा येईपर्यंत साडूभाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसून राहतात.